व्होल्टेजचा हुकूम: आजच्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या सर्किटमागचा इतिहास

आज नवा बनलेला एखादा अ‍ॅनालॉग सिंथेसायझर उघडून पाहिला, तर सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक. त्याच्याभोवती तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर-कपॅसिटर, दोन-चार मल्टिप्लेक्सर (एकच सिग्नल आळीपाळीने अनेक वाटांवर वळवणारे स्विच) आणि मग कुठेतरी ऑसिलेटर (लहर निर्माण करणारे सर्किट) व फिल्टर (ध्वनीचा काही भाग कापणारे सर्किट) यांच्या चिप. हे दृश्य पाहून अनेकांना शंका येते की यात अ‍ॅनालॉग उरले तरी काय. उरले आहे, आणि महत्त्वाचे तेच उरले आहे. आवाज जिथे जन्मतो आणि ज्या वाटेने बाहेर पडतो, ती सगळी वाट आजही ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटरचीच आहे. कोणत्या क्षणी कुठे किती व्होल्टेज द्यायचे, हा हुकूम मात्र सॉफ्टवेअर सोडते. ही वाटणी कशी झाली हे समजायला १९६० च्या दशकापर्यंत मागे जावे लागते.

त्याआधीही इलेक्ट्रॉनिक ध्वनी निर्माण करणारी यंत्रे होती, पण त्यांची प्रत्येक खुंटी हाताने फिरवावी लागे. १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने जे मॉड्यूल, म्हणजे एकेक काम करणारे सुटे भाग, बनवले, त्यांत खुंटीची जागा व्होल्टेजने घेतली. कॅलिफोर्नियात डॉन बुकला याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर काम करत होते. ऑसिलेटरची वारंवारिता, फिल्टर जिथून ध्वनी कापतो ती मर्यादा, आवाजाची पातळी हे सारे व्होल्टेजने बदलता येऊ लागले, तेव्हा एका मॉड्यूलचे आउटपुट दुसऱ्याला हुकूम देऊ शकले. मूग यांनी माप ठरवले एका सप्तकाला १ व्होल्ट. पुढे बहुतेक उत्पादकांनी तेच स्वीकारले आणि आजच्या युरोरॅक या प्रमाणित मापाच्या मॉड्यूलमध्येही तेच चालते.

हे माप कानाला सोयीचे आणि सर्किटला अवघड. एक सप्तक वर गेले की वारंवारिता दुप्पट होते, म्हणजे व्होल्टेज १-१ ने वाढत असताना ऑसिलेटरला मिळणारा विद्युतप्रवाह १, २, ४, ८ असा वाढला पाहिजे. सुदैवाने ट्रान्झिस्टरमध्ये हा नियम निसर्गतःच आहे: बेस आणि एमिटर यांच्यातील व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढले की कलेक्टरचा प्रवाह दुप्पट होतो. कीबोर्डकडून आलेला १ व्होल्ट रेझिस्टरांच्या साहाय्याने १८ मिलिव्होल्टपर्यंत खाली आणायचा आणि ट्रान्झिस्टरला द्यायचा, एवढ्यावर अख्खे स्वरशास्त्र उभे राहते. अ‍ॅनालॉग सर्किटमध्ये इतकी सुंदर युक्ती मला दुसरी सापडत नाही.

तिची किंमत म्हणजे तापमान. एकट्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह थोड्याशा उष्णतेनेही भलतीकडे जातो. यावर पहिला उपाय म्हणजे गुणधर्म जुळणारे दोन ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवून बसवणे. एकाची चूक दुसरा खोडून काढतो. तरीही एक दोष उरतोच, कारण तो १८ मिलिव्होल्टचा आकडाच निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटते. पण मूळ स्वरापासून पाच सप्तके दूर गेल्यावर हीच चूक दर अंशाला सुमारे २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा भाग होते. मंचावरचे दिवे लागले, खोली पाच अंशांनी तापली, की वरचा स्वर पूर्ण अर्ध्या स्वराने सरकलेला असतो. म्हणून तापमानाबरोबर तेवढ्याच प्रमाणात वाढणारा खास रेझिस्टर त्या जोडीला टेकवून बसवत. काहींनी उलटा मार्ग धरला: फेअरचाइल्डच्या ७२६ या चिपमध्ये ट्रान्झिस्टरची जोडी आणि तिला सतत एकाच तापमानाला ठेवणारा हीटर असे दोन्ही एकत्र होते. सत्तरच्या दशकातले सिंथ चालू केल्यावर काही वेळ तापू द्यावे लागत.

ऑसिलेटरचा पुढचा भाग त्यामानाने सरळ आहे. मिळालेल्या प्रवाहाने कपॅसिटर भरत जातो, ठरावीक व्होल्टेज गाठले की कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारे सर्किट) एक स्विच चालू करून तो क्षणात रिकामा करतो, आणि करवतीच्या दात्यांसारखी लहर मिळते. मात्र रिकामे व्हायलाही थोडा वेळ लागतो आणि वरच्या स्वरांत तो जाणवण्याइतका मोठा ठरतो, त्यामुळे ते स्वर उतरतात. कपॅसिटरच्या ओळीत एक छोटा रेझिस्टर घालून ही उतरण भरून काढायची पद्धत आजही वापरली जाते.

फिल्टरमध्ये मूग यांचे नाव कायमचे कोरले गेले. त्यांच्या शिडीसारख्या मांडणीत ट्रान्झिस्टरच्या चार जोड्या एकावर एक असतात आणि प्रत्येक पायरीवर एक कपॅसिटर. ट्रान्झिस्टरच्या एमिटरचा रोध त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरतो, म्हणून प्रवाह बदलला की चारही पायऱ्या एकदम सरकतात. मर्यादेच्या वरचे ध्वनी दर सप्तकाला २४ डेसिबलने कापले जातात. आउटपुटचा काही भाग परत इनपुटला दिला की रेझोनन्स, म्हणजे मर्यादेजवळच्या ध्वनीचा उठाव, येतो आणि त्याच वेळी खर्ज पातळ होतो. कानाने मूगचा फिल्टर ओळखणारे बरेचदा हेच ओळखत असतात. या रचनेचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. इतरांनी डायोडची शिडी वापरली, तर कोर्गने १९७८ च्या एमएस-२० मध्ये अगदी वेगळ्या जातीचा, किंचाळणारा फिल्टर घातला.

शिडीला टिकाऊ पर्याय मिळाला तो ओटीए या प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे. आरसीएची सीए ३०८० ही चिप साठच्या दशकाच्या अखेरीची. तिच्या एका पिनला दिलेल्या प्रवाहावर तिची वर्धनक्षमता ठरते. म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा व्हीसीए हवा असेल तर तोही तिच्यातून होतो आणि कपॅसिटर जोडला तर फिल्टरची एक पायरीही. रोलंडने अशा चार पायऱ्या आयआर ३१०९ या एकाच चिपमध्ये बसवल्या. ज्युपिटर-८, जुनो-६० आणि एसएच-१०१ यांच्या आवाजात तिचा मोठा वाटा आहे.

१९७० चा मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवत असे. पाच स्वर एकत्र वाजवायचे तर सारे सर्किट पाच वेळा बांधावे लागणार आणि पाचही एकमेकांशी सुरात ठेवावी लागणार. सुट्या ट्रान्झिस्टरांनी हे जवळजवळ अशक्य होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यात एसएसएम कंपनीने ऑसिलेटर, फिल्टर आणि व्हीसीए एकेका चिपमध्ये आणले. त्यामागच्या आराखड्यांत ई-म्यू या कंपनीचे डेव्ह रॉसम यांचा हात होता. १९७८ मध्ये डेव्ह स्मिथ यांनी याच चिप आणि झेड-८० मायक्रोप्रोसेसर एकत्र करून प्रॉफेट-५ बनवला. एकाच डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टरमधून निघालेले व्होल्टेज मल्टिप्लेक्सर आळीपाळीने निरनिराळ्या कपॅसिटरवर साठवत जाई आणि प्रत्येक खुंटीचे काम असा एकेक कपॅसिटर करी. खुंट्यांच्या जागा मेमरीत ठेवता आल्या. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रोसेसर स्वतः ऑसिलेटर ऐकून, चूक मोजून, दिलेले व्होल्टेज दुरुस्त करू लागला. आजच्या सिंथचा पाया म्हणून कोणी मला एकच यंत्र निवडायला सांगितले, तर मी मिनीमूगला बाजूला ठेवून हेच निवडेन.

प्रॉफेटच्या तिसऱ्या आवृत्तीत डग कर्टिस यांच्या सीईएम चिप आल्या. त्यांतल्या ३३४० या ऑसिलेटरमध्ये तापमानाची भरपाई चिपच्या आतच होती. बाहेरचा खास रेझिस्टर गेला आणि स्थिर, स्वस्त ऑसिलेटर अनेक कंपन्यांच्या हाती आला.

१९८२ च्या जुनो-६ मध्ये रोलंडने आणखी एक पाऊल टाकले. कपॅसिटर आहे तसाच भरतो, पण तो कधी रिकामा करायचा हे वेगवान घड्याळावर चालणारा डिजिटल काउंटर सांगतो. हा डीसीओ, म्हणजे डिजिटल नियंत्रणाखालचा ऑसिलेटर. लहर अ‍ॅनालॉग, वेळ डिजिटल. त्याला 'खोटा अ‍ॅनालॉग' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण आवाजाचा आकार अजूनही कपॅसिटरच ठरवतो. सूर ढळण्याचा प्रश्न मात्र तिथे कायमचा मिटला.

पुढच्याच वर्षी यामाहाचा पूर्णपणे डिजिटल डीएक्स-७ आला आणि बाजार त्याच्यामागे गेला. खप घटल्यावर खास चिप बनवणे परवडेना. एसएसएमची मालिका बंद पडली, काही वर्षांनी सीईएमचीही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात डीटर डोप्फर यांनी आपली मॉड्यूलर प्रणाली काढली आणि युरोरॅक त्यातूनच वाढले, पण त्या काळात सहज मिळणाऱ्या सामान्य चिपवरच भिस्त ठेवावी लागे. सीए ३०८० सुद्धा पुढे बंद झाली. एकाच पॅकेजमध्ये दोन ओटीए असलेली एलएम १३७०० टिकली आणि आज असंख्य मॉड्यूलचा भार तिच्यावर आहे. बुकलांच्या सर्किटमधले व्हॅक्ट्रोल, म्हणजे एलईडी आणि प्रकाशाने रोध बदलणारा घटक यांची जोडी, वेगळ्याच कारणाने दुर्मीळ झाले. त्यात कॅडमियम असते आणि २००६ पासून युरोपीय संघाने विद्युत उपकरणांत त्यावर कडक बंधन घातले.

आर्टुरियाचा मिनीब्रूट २०१२ चा, कोर्गचा एमएस-२० मिनी २०१३ चा. त्यांच्या यशाने मागणी परत आल्याचे दिसले आणि चिपही परतल्या. २०१६ मध्ये कर्टिस यांच्या कंपनीने ३३४० पुन्हा बनवायला घेतली. लाटव्हियातल्या अल्फा कंपनीची तीच रचना असलेली चिपही मिळते. पाठोपाठ साउंड सेमीकंडक्टरने एसएसएमच्या फिल्टरची नवी आवृत्ती काढली आणि त्यातही रॉसम होते. यंत्रांनी बसवलेल्या सूक्ष्म घटकांमुळे बहुस्वरी सिंथ लहान झाले. एन्व्हलप (स्वर सुरू होऊन विरेपर्यंतची चढ-उतार ठरवणारा भाग) आणि एलएफओ (मंद लहरीने आवाज हलवणारा भाग) यांच्यासाठी वेगळे सर्किट न बांधता ती कामे आता बहुधा मायक्रोकंट्रोलर करतो.

२०२० मध्ये प्रॉफेट-५ ची चौथी आवृत्ती आली. तिच्यात ३३४० ऑसिलेटर आहेत आणि फिल्टर दोन्ही वंशांचे, एक एसएसएमच्या वळणाचा व दुसरा कर्टिसचा. वाजवणारा स्विचने निवडतो. प्रोसेसर सूर इतका पक्का धरतो की पहिल्या आवृत्तीची अस्थिरता हवी असेल, तर त्यासाठी 'व्हिंटेज' नावाची वेगळी खुंटी द्यावी लागली. ती फिरवली की प्रत्येक स्वराचे ऑसिलेटर, फिल्टर आणि एन्व्हलप किंचित वेगवेगळे वागू लागतात.