मस्टर कोणाच्या हातात? फ्रंटलाइन कामगारांसाठीच्या डिजिटल साधनांच्या बाजाराची पार्श्वभूमी

सुरक्षारक्षक, सफाई कामगार, गोदामातले हमाल, कारखान्यातले कंत्राटी कामगार, अंगणवाडी सेविका. टेबल-खुर्ची नसलेल्या या माणसांची हजेरी, पाळ्या आणि पगार फोनवरून सांभाळणारी साधने विकणाऱ्यांचा एक आवडता आकडा आहे: जगात असे सुमारे 270 कोटी कामगार, म्हणजे एकूण कामगारांच्या 80 टक्के. इमर्जन्स कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने तो 2018 मध्ये मांडला. पण या आकड्याला महिन्याच्या दराने गुणले की बाजारपेठ निघते, हा हिशेब फसवा आहे. हजेरीची वही कोणाच्या हातात आहे आणि ती खरी झाली तर खिसा कोणाचा कापला जातो, यावर हा धंदा आजवर वाढला किंवा अडला.

यंत्राने हजेरी घेणे जुनेच. 1888 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी विलर्ड बंडी या जवाहिऱ्याने वेळ नोंदवणारे घड्याळ बनवले. ती घड्याळे बनवणारी कंपनी विलीनीकरणे होत होत 1924 मध्ये आयबीएम या नावाखाली आली. संगणक उद्योगाच्या एका मुळाशी कामगाराचे पंचिंग आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात नसते.

मुंबईच्या गिरण्यांत भोंगा होता, टाइम ऑफिस होते, तिकीट नंबर होते. तरी खरी सत्ता जॉबरकडे, म्हणजे माणसे आत घेणाऱ्या मुकादमाकडे, होती. सकाळी फाटकाशी बदली कामगार उभे राहायचे आणि खाडे भरायला कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवायचा. 1950 च्या सुमारास बदली नियंत्रण योजना आली, बदली कामगारांची नोंदणी झाली आणि त्या सत्तेला कात्री लागली. हजेरीची पद्धत बदलली की कोणाची तरी मक्तेदारी जाते. म्हणूनच विरोध बहुधा मधल्या माणसाकडून होतो.

1982 च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, आणि इतर उद्योगांतही कायम कामगारांच्या जागी कंत्राटी माणसे वाढली. एका फाटकावर दहा कंत्राटदार आणि दहा मस्टर. मात्र 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात एक मेख होती: कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्याकडे काम चालते त्याच्यावर, आणि वाटपाच्या वेळी त्याचा प्रतिनिधी हजर हवा. हाच या साधनांचा पहिला खरा गिऱ्हाईक. कंत्राटदार पैसे वाचवण्यासाठी साधन घेत नाही. उद्या आपल्या गळ्यात पडेल म्हणून मुख्य मालक त्याला ते घ्यायला लावतो.

सरकारी बाजूचा अनुभव जास्त बोलका आहे. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीला 1977 मध्ये कायद्याचे रूप मिळाले. ‘बोगस हजेरी’ हा शब्द तेव्हापासून तिच्या मागे आहे. देशपातळीवर 2005 चा रोजगार हमी कायदा आला आणि मे 2021 मध्ये एनएमएमएस हे हजेरीचे अ‍ॅप. 1 जानेवारी 2023 पासून ते वैयक्तिक लाभाची कामे सोडून सगळ्या कामांवर सक्तीचे झाले: दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, ठिकाणाच्या नोंदीसह. जुलै 2025 मध्ये खुद्द केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना त्यातल्या पळवाटा कळवल्या. कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, एकच माणूस अनेक मस्टरवर, दुपारचा फोटोच नाही. फोटो चढत होते. ते पडताळायला माणूस नव्हता. उलट नेटवर्क नसलेल्या गावात खरोखर राबलेल्या मजुराचा दिवस मात्र बुडाला.

अंगणवाडीत नोंदवह्यांच्या जागी फोन आला, 1 मार्च 2021 पासून पोषण ट्रॅकर हे केंद्राचे अ‍ॅप आले. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले: हँडसेट कमी क्षमतेचे, तापणारे, आणि अ‍ॅप इंग्रजीत. वह्याही भरा आणि फोनही भरा, अशी दुहेरी बिगारी झाली की साधन कितीही चांगले असो, टिकत नाही.

खासगी बाजारात आधी अंगठ्याची यंत्रे आली. सिमेंट, कॉस्टिक, भांडी यांत राबणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ओळखत नाही. मग सुपरवायझर हाताने हजेरी लावतो आणि जुना कारभार मागच्या दाराने परत येतो. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, 2020 मध्ये करोनाने अंगठा लावणे थांबवले, आणि चेहरा ओळखणाऱ्या अ‍ॅपला वाट मिळाली. दरम्यान, 21 फेब्रुवारी 2017 च्या केंद्रीय नियमांनी 9 कायद्यांखालच्या 56 नोंदवह्या 5 वर आणल्या आणि त्या संगणकावर ठेवायला मुभा दिली. त्याआधी अ‍ॅपमधली हजेरी निरीक्षकासाठी बहुधा पुन्हा कागदावर उतरवावी लागे.

साधन फसते ते लहान गोष्टींत. रातपाळी रात्री 10 ते सकाळी 6. आळशी प्रोग्रामर तारीख बदलली की दिवस बदलतो, आणि एका पाळीचे दोन अर्धे दिवस होतात. जुन्या कारखाने कायद्याचे कलम 57 स्पष्ट होते: मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात. तळघरातल्या पार्किंगमध्ये जीपीएस भरकटते, म्हणून 100 मीटरची हद्द आखली तर रक्षक जागेवर असून गैरहजर. अनेक कारखान्यांत फोन फाटकावरच जमा होतात. तिथे कामगाराच्या फोनवरचे अ‍ॅप विकणे व्यर्थ, फाटकावर टॅब लावावा लागतो. आणि आधार, बँक, भविष्यनिर्वाह निधी या तिन्हीकडे नावाची स्पेलिंगे वेगळी असली की पहिल्याच महिन्यात रक्कम अडकते.

पण मोठी अडचण गणिताची आहे. पहाऱ्याच्या चोवीस तासांच्या एका पोस्टला 8 तासांच्या 3 पाळ्या, आठवड्याला 21 ड्युट्या. माणूस 6 दिवस काम करणार, म्हणजे साडेतीन माणसे लागतात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी 12-12 तासांवर दोघेच असतात, साप्ताहिक सुट्टीशिवाय. कागदी मस्टरवर तिसरे नाव लिहिता येते; चेहरा ओळखणारे अ‍ॅप प्रत्येकाचे आठवड्याला 84 तास छापते, जिथे मर्यादा 48 ची आणि वरच्या तासांना दर दुप्पट. ते 36 तास ना कंत्राटदाराच्या दरात धरलेले असतात, ना सोसायटीच्या बजेटात. म्हणून अ‍ॅप बघताना अशा साइटवरचा पहिला प्रश्न असतो: हजेरी नंतर बदलता येते का? ‘हो’ म्हणणाऱ्याचा माल लवकर खपतो, पण मोठी कंपनी तपासणीला बसली की तोच आधी बाद होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत नेमणूकपत्र सर्वांना द्यायचे आहे. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी ते हाताने बनवणे अशक्य, म्हणून मागणी इथे पक्की आहे. पैशाचे मात्र बघावे लागते. समजा रक्षकाचे बिल 20,000 रुपये आणि सेवाशुल्क 5 टक्के, म्हणजे माणशी 1,000. त्यातून गणवेश, सुपरवायझर, भरती आणि उशिरा येणाऱ्या बिलावरचे व्याज निघते. अ‍ॅपचे माणशी 40 रुपये किरकोळ वाटतात, पण ते याच हजारातून जायचे असतात. निविदेत ‘डिजिटल हजेरी बंधनकारक’ ही अट असते, आणि दरपत्रकात तिच्यासाठी वेगळा रकाना नसतो.