ब्राइन श्रिम्प म्हणजे मायसिस नव्हे

खाऱ्या पाण्याचा टँक, म्हणजे समुद्री माशांची काचपेटी, सांभाळणाऱ्यांना ब्राइन श्रिम्प, म्हणजेच आर्टेमिया हा माशांना खाऊ घालायचा खाऱ्या पाण्यातला चिमुकला जीव, चांगला ठाऊक असतो. मायसिस हा माशांना घालायचा दुसरा चिमुकला जीवही तसाच गोठवलेल्या वड्यांत मिळतो, दिसायला दोन्ही कोळंबीसारखे, आणि खरी कोळंबी दोहोंपैकी एकही नाही. आकाराचा आणि किमतीचा फरक दुकानात उभ्या उभ्या कळतो.

जो कळत नाही आणि ज्यापायी कॉपरबँड बटरफ्लायसारखे हट्टी मासे हकनाक मरतात, तो फरक पोषणाचा आहे. नवा आणलेला कॉपरबँड कित्येक दिवस कशालाही तोंड लावत नाही, मग एके दिवशी ब्राइन श्रिम्प टिपू लागतो, आणि मालक सुटकेचा निःश्वास टाकून रोज तेवढेच घालत राहतो. काही आठवड्यांनी माशाची पाठ डोक्यामागे खचते, आणि दोष मात्र पाण्याला दिला जातो. पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा येथे दिशाभूल करतो, कारण वाळवलेल्या वजनाच्या हिशेबाने प्रौढ आर्टेमियात प्रथिने भरपूर असतात. उणीव असते ती डीएचए या ओमेगा-३ गटातल्या मेदाम्लाची. बहुतेक समुद्री माशांना ते स्वतःच्या शरीरात पुरेसे घडवता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. खारट सरोवरांत आणि मिठागरांत वाढणाऱ्या आर्टेमियात ते जवळजवळ नसतेच, मायसिसमध्ये मात्र असते.

‘ओमेगा-३ युक्त’ असे छापलेल्या ब्राइन श्रिम्पवर मी विसंबत नाही. आर्टेमियाला डीएचए खाऊ घालता येते हे खरे, परंतु जिवंत आर्टेमिया ते काही तासांतच मोडून टाकू लागतो, आणि खाऊ घातल्यावर किती वेळाने त्याला गोठवले हे पाकीट सांगत नाही.

ब्राइन श्रिम्प आमिष म्हणून जरूर वापरावा. मासा तो नेमाने खाऊ लागला, की त्याच घासांत बारीक चिरलेला मायसिस मिसळावा आणि ब्राइनचे प्रमाण दिवसागणिक उतरवत न्यावे. कॉपरबँडची सोंड फटींतून भक्ष्य ओढून काढण्यासाठीच घडलेली असल्यामुळे, तरंगता मायसिस त्याने नाकारला तर बाजारातून ताज्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, आणाव्यात, एक उघडून तिच्या मांसात मायसिस दाबून बसवावा आणि ती शिंपली खडकाला टेकवून ठेवावी. उरलेले मांस तासाभरात काढून घ्यावे, नाहीतर पाणी नासते.