खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि शेगडीवरचा काळा थर

'सोडा टाकून पाहिला ना काकू, डाग निघूनच नाही राहिला.' आमच्या गल्लीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता सोडा? उत्तरही ठरलेलं: 'सोडा म्हणजे सोडाच. अजून कोणता असते?'

दोन असतात. दोन्ही पांढरे, दोन्ही किराणा दुकानात मिळणारे, आणि नुसतं 'सोडा द्या' म्हटलं की दुकानदार अंदाजाने पुडी बांधतो. चुकीचा सोडा घरी आला की दोन तास घासून खांदे दुखतात आणि बर्नरभोवतीचा काळा थर तसाच राहतो.

खायच्या सोड्याबद्दल मी फार सांगत बसत नाही. ढोकळ्यात पडतो तो, हरभरे भिजवताना चिमूटभर घालतो तो, आपल्याकडे बरेच जण मीठा सोडा म्हणतात तोच. रसायनाच्या भाषेत सोडियम बायकार्बोनेट.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. पूर्वी कपडे उकळताना घालायचे तो. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या जुन्या किराणा दुकानांत 'धुण्याचा सोडा' किंवा 'वॉशिंग सोडा' असं पूर्ण नाव घेऊन मागा. खडे मिळतात, नाहीतर पावडर. खड्यांच्या वजनात जवळजवळ ६३ टक्के पाणीच असतं. उघड्या डब्यात ठेवले तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि खड्यांचा भुगा होतो. तो खराब झाला म्हणून फेकू नका. त्याच वजनात आता दुपटीहून जास्त सोडा आहे, म्हणून माप कमी करा, एवढंच.

आता खरा फरक. तो 'एक खायचा, एक धुण्याचा' इतकाच नाही. फरक जोराचा आहे, आणि तो समजायचा तर शेगडीवर नेमकं काय चिकटलंय ते आधी बघावं लागतं.

तर्रीचं तेल उडून ताजं ताजं पडलं असेल तर ते नुसतं तेल आहे. भांड्यांचा साबण आणि गरम पाणी पुरतं, कोणताच सोडा नको. पण तोच थेंब बर्नरच्या कडेला पंधरा दिवस रोज तापत राहिला, की उष्णता आणि हवा मिळून त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि तेलाचं वार्निश होतं. लोखंडी तवा तेल लावून तापवून तापवून आपण तयार करतो, तेव्हा त्यावर जो काळा तुकतुकीत थर मुद्दाम चढवतो, अगदी तोच हा थर. तव्यावर तो हवा असतो, शेगडीवर नको असतो. तवा रोज धुऊनही त्याचा थर का जात नाही, हे आठवलं की शेगडीचा का जात नाही तेही कळतं.

हा थर सैल करायला जोरदार अल्क, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ (अल्कली), लागतो. अल्क किती जोरदार ते सामूवरून मोजतात, डॉक्टर-इंजिनिअर लोक ज्याला पीएच म्हणतात. साध्या पाण्याचा सामू ७. खायच्या सोड्याच्या पाण्याचा साधारण ८.३. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा ११ च्या वर. आकडे जवळजवळ वाटतात, पण या मापात एकेक पायरी दहापट असते. म्हणजे दोघांत अडीच-तीन पायऱ्यांचं, शेकडो पटींचं अंतर आहे. जळक्या तेलावर खायचा सोडा भुरभुरणं म्हणजे कुलूप उघडायला दारावर टिचकी मारण्यासारखं आहे.

मग खायच्या सोड्याने थोडंफार निघतं ते कसं? घासल्यामुळे. त्याचे कण बारीक आणि मऊ असतात, काचेपेक्षा कितीतरी मऊ. म्हणून काचेच्या शेगडीवर त्याची ओली लुगदी करून हलक्या हाताने फिरवणं हे त्याचं खरं काम, आणि तिथे तो मला धुण्याच्या सोड्याहून जास्त आवडतो. काचेवर तारेची घासणी फिरवणाऱ्यांना मात्र मी माफ करत नाही. एकदा ओरखडे पडले की पुढचं तेल त्यातच जाऊन बसतं.

या दोघांचं नातं कळलं की घोळ का होतो तेही उमगतं. सोड्याच्या कारखान्यात आधी सोडियम बायकार्बोनेटच तयार होतं, ते तापवलं की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा. हे घरीही होतं. धुण्याचा सोडा मिळालाच नाही, तर स्टीलच्या कोरड्या कढईत खायचा सोडा मध्यम आचेवर परता. पावडर आपोआप उकळल्यासारखी हलायला लागते, तो वायू बाहेर पडत असतो. हलणं थांबलं की झालं. १०० ग्रॅम घेतला असेल तर साधारण ६३ ग्रॅम उरतो. खिडकी उघडी ठेवा, त्याची धूळ नाकाडोळ्यांना झोंबते. आणि तो परत ढोकळ्याच्या डब्यात टाकू नका.

वापरायची रीत साधी आहे, फक्त धीर हवा. आधी रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण थंड होऊ द्या. स्टीलचे स्टँड आणि बर्नरखालच्या स्टीलच्या थाळ्या प्लास्टिकच्या टबात ठेवा. एक लिटर कडकडीत पाण्याला तीन मोठे चमचे पावडर, खडे असतील तर दुप्पट. तासभर हातच लावू नका. शेगडीचा वरचा भाग टबात जात नाही, म्हणून त्याच पाण्यात जुनं सुती फडकं भिजवून थरावर अर्धा तास पसरून ठेवा, वाळायला लागलं की पुन्हा ओलं करा. रबरी हातमोजे घालाच, हा सोडा कातडीवरचं तेलही ओढून घेतो. नंतर लाकडी उलथन्याने खरवडा. निव्वळ कोळसा झालेला भाग कोणत्याच सोड्यात विरघळत नाही, पण त्याला धरून ठेवणारं तेल सुटलं की तो पापुद्र्यासारखा निघतो.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टी आहे: धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला लावायचा नाही. मी स्वतः एकदा ॲल्युमिनियमचे बर्नर रात्रभर त्यात भिजत ठेवले. सकाळी ते काळे पडले होते, पृष्ठभागावर खड्डे होते, आणि नवे आणावे लागले. डाग नव्हता तो, धातूच खाल्ला गेला होता. बर्नर पितळी आहे की ॲल्युमिनियमचा, हे हातात घेऊन बघा. पितळी जड असतो आणि तळाशी खरवडला की पिवळा दिसतो. ॲल्युमिनियमचा असेल तर साबण, गरम पाणी आणि आपला मीठा सोडा, थोडाच वेळ. रंग दिलेल्या शेगडीच्या अंगावरही धुण्याचा सोडा ठेवू नका, आणि लोखंडी तवा तर त्या टबाच्या जवळपासही नको, वर्षांची मेहनत तासाभरात उतरेल.

सोड्यावर लिंबू किंवा व्हिनेगर ओतून फेस काढतात, ते मला पाहवत नाही. अल्क आणि आम्ल एकमेकांना संपवतात, वायू उडून जातो, खाली उरतं जवळजवळ निष्प्रभ खारट पाणी. फेस बघून वाटतं की काहीतरी होतंय, पण जळक्या तेलाला त्याचं काही नसतं. लिंबाचं काम वेगळं आहे. बोअरच्या पाण्याचा भात उतू जाऊन जे पांढरे चट्टे बसतात, ते चुन्यासारखे क्षार असतात. त्यांवर नुसतं लिंबू चोळा, सोडा नको. पितळी बर्नर चमकवायलाही चिंच-लिंबूच, पण सोड्याचं पाणी स्वच्छ धुऊन टाकल्यावर.

कॉस्टिक सोडा हा तिसराच प्राणी आहे, कातडी जाळणारा. शेगडीसाठी तो घरात आणूच नका.

धुतलेले बर्नर उलटे करून उन्हात ठेवा. मे महिन्यात अर्धा तास पुरतो, पावसाळ्यात रात्रभर. भोकांत पाणी राहिलं तर ज्योत पिवळी फडफडते आणि भांड्यांचे बूड काळे होतात. आणि धुण्याच्या सोड्याचा डबा स्वयंपाकघरात नको, न्हाणीघरात साबणाशेजारी ठेवा, वर मार्करने नाव लिहून. माझ्या डब्यावर मोठ्या अक्षरांत 'खायचा नाही' असं लिहिलं आहे.