महाभियोग झाला म्हणजे खुर्ची गेली?

‘क्लिंटनना महाभियोगाने काढलं होतं ना?’ हे वाक्य आजही सर्रास कानावर पडतं. ते चुकीचं आहे. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर डिसेंबर 1998 मध्ये महाभियोग झाला, फेब्रुवारी 1999 मध्ये सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, त्यांना निर्दोष ठरवलं आणि ते जानेवारी 2001 पर्यंत पदावर राहिले.

अमेरिकेत महाभियोग म्हणजे फक्त आरोप निश्चित होणं. प्रतिनिधिगृह, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, साध्या बहुमताने ते करतं. खटला चालतो सिनेटमध्ये. राष्ट्राध्यक्षच आरोपी असेल तर सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी बसतात आणि दोषी ठरवायला उपस्थितांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. खरी मेख इथेच आहे. 1868 मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध 35 मतं पडली, बाजूने 19. हवी होती 36. एका मताने ते वाचले! ट्रम्प यांच्यावर तर 2019 आणि 2021 असा दोनदा महाभियोग झाला, दोन्ही वेळा ते सुटले.

आणि राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन? त्यांच्यावर महाभियोग झालाच नाही. प्रतिनिधिगृहात मतदान होण्याआधीच, ऑगस्ट 1974 मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

महाभियोगाने आजवर एकही अमेरिकी राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही. काही संघीय न्यायाधीश मात्र याच मार्गाने घरी गेले आहेत.