सगळं ठाऊक असताना दचकणं

‘हॅलोविन’ या भयपटातला मनोविकारतज्ज्ञ आपल्याच रुग्णाचं निदान ‘हा निव्वळ दुष्ट आहे’ असं करतो, हा माझा पहिला आक्षेप. वयाच्या सहाव्या वर्षापासून रुग्णालयात डांबलेला तो खुनी रुग्ण एकविसाव्या वर्षी पळून जातो तो थेट मोटार चालवत. ती तो शिकला कधी? शेवटी सहा गोळ्या खाऊन गॅलरीतून खाली पडतो आणि उठून चालता होतो. शरीरशास्त्राची एवढी थट्टा एरवी मी खपवून घेत नाही. भुताच्या फोटोत कॅमेऱ्याचा पट्टा शोधणारा माणूस मी. तरी दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा हा १९७८ सालचा चित्रपट मला मनापासून आवडतो आणि दर वेळी मी ठरलेल्या जागी दचकतो.

मुखवटा घातलेला खुनी, हातात सुरा आणि एकेक करून कमी होत जाणारी तरुण मंडळी, हा ‘स्लॅशर’ म्हणवल्या जाणाऱ्या भयपटांचा साचा. या चित्रपटाने तो लोकप्रिय केला. तीन-सव्वातीन लाख डॉलरांत तो तयार झाला आणि जगभरात त्याने सुमारे ७ कोटी डॉलर कमावले. रक्त मात्र त्यात जवळजवळ दिसतच नाही.

‘खोटं आहे हे माहीत असताना घाबरता कशाला?’ असं मला विचारणाऱ्यांना मी चार्ल्स डार्विनचं उदाहरण देतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने पफ ॲडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेला तोंड लावलं. साप अंगावर आला तरी मागे सरायचं नाही, असा त्याचा ठाम निश्चय होता. सापाने झडप घातली आणि डार्विन एक-दोन यार्ड मागे उडाला. भावनांच्या अभिव्यक्तीवरच्या १८७२ च्या पुस्तकात त्याने हे प्रांजळपणे लिहिलंय. कधीच न अनुभवलेल्या धोक्याच्या नुसत्या कल्पनेपुढे त्याची इच्छाशक्ती आणि बुद्धी दोन्ही लुळ्या पडल्या होत्या.

पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सहकाऱ्यांसह हेच अधिक खट्याळपणे दाखवलं. दोन बाटल्यांत लोकांच्या डोळ्यांदेखत साखर ओतली. ‘साखर’ आणि ‘सोडियम सायनाइड’ अशा दोन चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हाताने बाटल्यांवर चिकटवायच्या होत्या. एवढं करूनही सायनाइडची चिठ्ठी असलेल्या बाटलीतल्या साखरेचं पाणी प्यायला लोक कचरले. फसवणूक कोणीच केली नव्हती, आणि लोक फसलेही नव्हते. माहिती आणि धास्ती दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदत होत्या.

मेंदूत हे घडतं कसं, याचं उत्तर म्हणून मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बदामाएवढ्या अमिग्डलाकडे बोट दाखवायची पद्धत आहे. तिलाच ‘भीतीचं केंद्र’ म्हणून टाकतात. ते थोडं घाईचं आहे. एका दुर्मिळ आनुवंशिक आजारात दोन्ही बाजूंचे अमिग्डला निकामी झालेल्या एका महिलेचा वैज्ञानिकांनी अनेक वर्षं अभ्यास केला. साप, कोळी, भयपट, कशानेच ती घाबरत नसे. उलट एका भयपटाचा तुकडा तिला इतका आवडला, की पुढे भाड्याने आणता यावा म्हणून तिने त्याचं नाव विचारून घेतलं! पण ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगवताच ती भयाने कासावीस झाली. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भीतीला शिरायला एकच दार नाही. आतून, गुदमरलेल्या श्वासातूनही ती येते.

‘हॅलोविन’ मात्र मुख्यतः कानांतून शिरतो. संगीत आणि ध्वनिपरिणाम चढवण्याआधीची प्रत कार्पेंटरने एका स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवली. त्या जराही घाबरल्या नाहीत. मग त्याने स्वतः संगीत रचलं. लहानपणी वडिलांनी बोंगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ताल त्याने पियानोवर घेतला. चारच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला तिथे पाऊल टेकायला जागा मिळत नाही, असा माझा अंदाज आहे. त्यात मध्येच कर्कश आवाजाचा फटका बसतो. अशा फटक्याने पापणी मिटायला लागते ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्याही आत. एवढ्यात ‘हा चित्रपट आहे’ असं स्वतःला सांगायला सवड कुठली?

किंकाळीची तर वेगळीच रचना असते. ल्युक आर्नाल आणि डेव्हिड पोपेल या मेंदूशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवलं, की किंकाळीचा आवाज सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरतो. साध्या बोलण्यातले चढउतार याच्या मानाने फारच संथ असतात. ही खरखर धोक्याच्या भोंग्यांतही आहे. मार्मट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या किंकाळ्या अभ्यासणारे डॅनियल ब्लूमस्टीन २०१० मध्ये चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्यांकडे वळले, तेव्हा त्यांना भयपटांत असेच फाटके, बेसूर आवाज मुद्दाम पेरलेले आढळले. संगीतकारांना हे प्राणिशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं.

राहिला तो मुखवटा. दोनेक डॉलरांना मिळालेला तो ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या विल्यम शॅटनरचा चेहरा. त्यावर पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली. विज्ञानावर विश्वास ठेवणाऱ्या अंतराळवीराच्याच चेहऱ्याचं असं व्हावं, याची मला गंमत वाटते. भाव पुसलेल्या त्या चेहऱ्यावरून पुढच्या क्षणाचा काही अंदाज बांधता येत नाही. फ्रँक मॅकअँड्र्यू या मानसशास्त्रज्ञांनी ‘अंगावर काटा आणणाऱ्या’ माणसांबद्दल लोकांना विचारून २०१६ मध्ये जो निष्कर्ष काढला, तो इथे चपखल बसतो: उघड धोक्याने माणूस घाबरतो, पण धोका आहे की नाही हेच कळेनासं झालं की त्याला कसंतरी होतं. १९८१ च्या दुसऱ्या भागात नायिका खुन्याची बहीण निघते. खुनांना कारण मिळालं आणि माझी भीती तिथेच विरली. एरवी प्रत्येक गोष्टीचं कारण मागणारा मी, इथे मात्र ते दिल्याबद्दल चिडलो.

एकदा मी आवाज बंद करून चित्रपट पाहिला. दारात पांढरा मुखवटा घातलेला एक माणूस उभा होता, मान किंचित कलती करून. मला तो जरा अवघडलेला वाटला. मग मी आवाज चालू केला, आणि हातातला रिमोट खाली पडला.