ग्वातेमालातील दंडमुक्तीविरोधी आंतरराष्ट्रीय आयोग

ग्वातेमालातील दंडमुक्तीविरोधी आंतरराष्ट्रीय आयोग : मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला या देशात राज्ययंत्रणेत मुरलेल्या गुन्हेगारी जाळ्यांचा तपास करण्यासाठी व गुन्हा करूनही शिक्षा न होण्याची स्थिती (दंडमुक्ती) मोडण्यासाठी संयुक्त राष्ट्रे व ग्वातेमाला सरकार यांच्यातील कराराने स्थापन झालेली स्वतंत्र तपाससंस्था. स्पॅनिश आद्याक्षरांवरून ती ‘सिसिग’ या नावाने ओळखली जाते. कार्यकाल ४ सप्टेंबर २००७ ते ३ सप्टेंबर २०१९. आयोगाला स्वतःचे न्यायालय नव्हते आणि स्वतंत्रपणे खटला भरण्याचा अधिकारही नव्हता. तपास ग्वातेमालाच्याच कायद्याने चाले, खटले तिथल्याच न्यायालयांत उभे राहत आणि ते भरण्याचे काम तिथल्या सरकारी वकिलांकडेच असे.

पार्श्वभूमी : ग्वातेमालात १९६० पासून चाललेले यादवी युद्ध २९ डिसेंबर १९९६ च्या शांतता कराराने संपले. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने नेमलेल्या इतिहास-सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार या काळात दोन लाखांहून अधिक लोक मारले गेले किंवा बेपत्ता झाले. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया वंशाचे होते आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी शासकीय दले व त्यांच्या साहाय्यक गटांवर येत होती. चर्चच्या वतीने असाच एक अहवाल आधी प्रसिद्ध झाला होता. त्याच्या प्रकाशनानंतर दोनच दिवसांनी, २६ एप्रिल १९९८ रोजी, ते काम पाहणारे बिशप हुआन हेरार्दी यांचा खून झाला. पुढे या खुनाबद्दल सैन्याशी संबंधित व्यक्ती दोषी ठरल्या. युद्ध संपले तरी युद्धकाळातील गुप्तवार्ता यंत्रणेची माणसे व त्यांचे लागेबांधे शाबूत होते. सीमाशुल्क, तुरुंग, पोलीस व न्यायाधीशांच्या नेमणुका या ठिकाणी ते काम करत राहिले.

उगम : आयोगाची कल्पना नेमकी कोणाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मताप्रमाणे तिचे बीज २९ मार्च १९९४ च्या सर्वंकष मानवी हक्क करारात आहे. बेकायदा सुरक्षादले व गुप्त सुरक्षायंत्रणा अस्तित्वात राहू द्यायच्या नाहीत, असे बंधन सरकारने त्या करारात स्वीकारले होते. परंतु त्यात तपासयंत्रणेची तरतूद नव्हती. त्यामुळे १९९४ हे आयोगाचे आरंभवर्ष धरणे ओढूनताणून वाटते. दुसरे मत शेजारच्या एल साल्वादोरकडे बोट दाखवते. तिथे राजकीय हेतूने काम करणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या चौकशीसाठी स्थापन झालेल्या संयुक्त गटाने १९९४ मध्ये अहवाल दिला होता आणि ग्वातेमालातील कार्यकर्त्यांपुढे तो नमुना होता. तिसरे मत मुख्यतः आयोगाच्या विरोधकांनी मांडले. त्यानुसार हा सगळा परकीय देणगीदारांनी लादलेला प्रकार होता.

उपलब्ध घटनाक्रम पाहता पहिली ठोस मागणी देशातूनच आली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. २००० नंतर मानवी हक्क कार्यकर्ते, वकील व न्यायवैद्यक तज्ज्ञ यांच्यावरील हल्ले वाढले. तेव्हा स्थानिक संघटना व मानवी हक्क लोकपाल यांनी २००३ च्या सुरुवातीस अशा आयोगाचा प्रस्ताव लावून धरला. त्यातून ७ जानेवारी २००४ रोजी आल्फोन्सो पोर्तियो यांच्या मावळत्या सरकारने संयुक्त राष्ट्रांशी करार केला. त्यात योजलेला आयोग ‘सिसियाक्स’ या नावाने ओळखला जातो. हेच पोर्तियो पुढे सिसिगच्या खटल्यात आरोपी झाले. ग्वातेमालात ते २०११ मध्ये निर्दोष सुटले, नंतर अमेरिकेला त्यांचे प्रत्यार्पण झाले आणि २०१४ मध्ये तैवानकडून लाच घेऊन तो पैसा अमेरिकी बँकांमार्फत फिरवल्याची कबुली त्यांनी तिथल्या न्यायालयात दिली.

२००४ च्या करारातील आयोगाला स्वतः खटले भरता येणार होते. ग्वातेमालाच्या संविधानातील अनुच्छेद २५१ प्रमाणे सार्वजनिक फौजदारी कारवाईचा अधिकार सरकारी अभियोग विभागाचा आहे. या मुद्द्यावर संविधान न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये प्रतिकूल मत दिले आणि करार बारगळला. उपराष्ट्राध्यक्ष एदुआर्दो श्टाइन यांच्या पुढाकाराने मसुदा नव्याने लिहिला गेला व १२ डिसेंबर २००६ रोजी त्यावर सह्या झाल्या. विधिमंडळात तो पडून राहिला असता. पण फेब्रुवारी २००७ मधील एका घटनेने चित्र पालटले. मध्य अमेरिकी संसदेचे तीन साल्वादोरी सदस्य व त्यांचा चालक यांची ग्वातेमाला शहराजवळ हत्या झाली. संशयित म्हणून पकडलेले चौघे पोलीस होते आणि त्यांतला एक संघटित गुन्हेगारीविरोधी पथकाचा प्रमुख होता. काही दिवसांतच हे चौघेही कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात ठार झाले. सरकारचा आपल्याच पोलिसांवर व तुरुंगांवर ताबा नाही, हे झाकण्यासारखे उरले नाही. मे २००७ मध्ये संविधान न्यायालयाने अनुकूल मत दिले आणि १ ऑगस्टला विधिमंडळाची मंजुरी मिळाली. स्थापनेचे वर्ष काही ठिकाणी २००६ व काही ठिकाणी २००७ असे आढळते. पहिले करारावरील सह्यांचे व दुसरे अंमलबजावणीचे आहे.

कायदेशीर स्वरूप : न्यायालयाच्या २००४ च्या नकाराने आयोगाला जे रूप दिले, तेच पुढे त्याचे वैशिष्ट्य ठरले. नव्या करारात खटला भरण्याचा अधिकार वगळून आयोगाला ‘सहअभियोक्ता’ हा दर्जा देण्यात आला. ही सोय ग्वातेमालाच्या फौजदारी प्रक्रियेत आधीपासून होती. पीडित व्यक्ती किंवा संस्था सरकारी खटल्यात सामील होऊन पुरावा मागू शकते, साक्षीदार तपासू शकते, आदेशाविरुद्ध अपील करू शकते. भारतात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०१ प्रमाणे फिर्यादीच्या खाजगी वकिलाला सरकारी वकिलाच्या निर्देशांखालीच काम करावे लागे. ग्वातेमालातील सहअभियोक्त्याची भूमिका त्याहून बरीच स्वतंत्र आहे. तरीही सरकारी वकिलाने खटलाच दाखल केला नाही, तर सहअभियोक्त्याला जोडून घ्यायला काही उरत नाही.

तपासाचा विषय म्हणून करारात ‘बेकायदा सुरक्षागट व गुप्त सुरक्षासंघटना’ हा शब्दप्रयोग आहे. त्याची व्याख्या अशी की, नागरी व राजकीय हक्कांच्या पूर्ण उपभोगाला बाधा आणणारी बेकायदा कृत्ये हे गट करतात, आणि एकतर ते प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे राज्याच्या अधिकाऱ्यांशी जोडलेले असतात किंवा आपल्या गुन्ह्यांना शिक्षा होऊ न देण्याची क्षमता त्यांच्याकडे असते. यातील ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. त्यामुळे गणवेशातली टोळी जशी व्याख्येत बसे, तसे न्यायाधीशांच्या नेमणुका फिरवणारे वकील, निवडणूकनिधी पुरवणारे कंत्राटदार यांचे जाळेही बसू शके. आयोगाने मूळ हेतू सोडून भ्रष्टाचाराकडे मोर्चा वळवला, या टीकेचा विचार करताना ही व्याख्या पाहायला हवी.

आयोगाची गणना सिएरा लिओन व कंबोडियातील संमिश्र न्यायालयांबरोबर करण्याची प्रथा आहे, पण ती फारशी नेमकी नाही. त्या संस्थांत आंतरराष्ट्रीय न्यायाधीश होते आणि त्यांचे लक्ष पूर्वीच्या अत्याचारांवर होते. सिसिग चालू काळातील गुन्हे तपासत होता व निकाल स्थानिक न्यायाधीशांचाच असे. तो संयुक्त राष्ट्रांचा विभागही नव्हता. आयुक्ताची नेमणूक महासचिव करत, मात्र खर्च अमेरिका, युरोपीय संघ, स्वीडन, स्पेन, कॅनडा इत्यादींच्या ऐच्छिक देणग्यांतून भागे. मुदत दोन वर्षांची असे आणि ती वाढवण्याची विनंती राष्ट्राध्यक्षांनी करायची असे.

कार्य : पहिले आयुक्त, स्पेनचे कार्लोस कास्त्रेसाना, यांच्या काळात कायद्यांच्या सुधारणांवर भर होता. फोन टॅपिंगची यंत्रणा, माफीच्या साक्षीदाराची तरतूद, धोकादायक खटल्यांसाठी ‘उच्च जोखीम’ न्यायालये आणि गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेच्या जप्तीचा कायदा ही साधने या टप्प्यात किंवा त्यानंतर लगेच आली वा वापरात रुळली. पुढच्या सर्व मोठ्या खटल्यांचा पाया हाच होता. या काळातील सर्वाधिक गाजलेले प्रकरण वकील रॉद्रिगो रोझेनबर्ग यांचे. १० मे २००९ रोजी सायकलवरून जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आपल्या मृत्यूला राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम जबाबदार असतील, असे सांगणारी त्यांची चित्रफीत लगेच बाहेर आली आणि सरकार कोसळण्याच्या बेतात आले. दूरध्वनींच्या नोंदी व मारेकऱ्यांचे जबाब यांवरून आयोगाने जानेवारी २०१० मध्ये निष्कर्ष काढला, की रोझेनबर्ग यांनी स्वतःच्याच हत्येची व्यवस्था केली होती. एका अर्थाने आयोगाने या प्रकरणात एका राष्ट्राध्यक्षाला वाचवले. नंतरच्या आरोपांच्या गदारोळात हे सहसा आठवले जात नाही. नव्या महाअभियोक्त्याच्या (सरकारी अभियोग विभागाच्या प्रमुखाच्या) संशयास्पद नेमणुकीच्या निषेधार्थ जून २०१० मध्ये कास्त्रेसाना यांनी राजीनामा दिला. ती नेमणूक संविधान न्यायालयाने काही दिवसांतच रद्द केली.

दुसरे आयुक्त, कोस्टा रिकाचे फ्रान्सिस्को दाल’आनेसे (२०१०–१३), यांची कारकीर्द तुलनेने शांत गेली. याच काळात महाअभियोक्ता क्लाउदिया पास इ पास यांनी अभियोग विभागाची पुनर्रचना केली. पुढील यशाचे श्रेय वाटताना त्यांना पुरेसा वाटा मिळालेला दिसत नाही.

तिसरे आयुक्त, कोलंबियाचे इव्हान वेलास्केस, व महाअभियोक्ता तेल्मा आल्दाना यांनी १६ एप्रिल २०१५ रोजी ‘ला लीनेआ’ प्रकरण उघड केले. आयातदारांकडून लाच घेऊन सीमाशुल्क कमी लावणारी ही साखळी होती. फोन टॅपिंगमधून तिचा माग थेट उपराष्ट्राध्यक्षांच्या खाजगी सचिवापर्यंत लागला. राजधानीच्या चौकात दर शनिवारी लोक जमू लागले. आयोगाला मुदतवाढ देण्यास आढेवेढे घेणारे राष्ट्राध्यक्ष ओतो पेरेस मोलिना यांनी आठवड्याभरात ती दिली. उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती यांनी मे महिन्यात, तर पेरेस मोलिना यांनी सप्टेंबरच्या आरंभी राजीनामा दिला. डिसेंबर २०२२ मध्ये दोघांना प्रत्येकी १६ वर्षांची शिक्षा झाली. पेरेस मोलिना हे लष्करी गुप्तवार्ता विभागाचे माजी प्रमुख आणि १९९६ च्या शांतता वाटाघाटींतील सैन्याचे प्रतिनिधी होते. सीमाशुल्कातील तस्करीचे आणखी एक जाळे १९९६ मध्येच उघडकीस आले होते व त्याची मुळे युद्धकालीन गुप्तवार्ता वर्तुळात असल्याचे मानले जाते. दोन्ही जाळ्यांत सलग परंपरा होती, हे मत संभाव्य आहे. परंतु ते न्यायालयीन निष्कर्षाच्या पातळीवर सिद्ध झालेले नाही.

सगळेच खटले टिकले नाहीत. २००६ मध्ये पाव्होन तुरुंगावर कारवाई झाली, तेव्हा मारले गेलेले सात कैदी चकमकीत पडल्याचे दाखवण्यात आले होते. त्या प्रकरणी अटक झालेले तत्कालीन तुरुंगप्रमुख आलेहान्द्रो जामातेई आरोपमुक्त झाले आणि जानेवारी २०२० मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष बनले.

शेवट : ‘भ्रष्टही नाही, चोरही नाही’ या घोषणेवर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले विनोदी अभिनेते जिमी मोरालेस सुरुवातीला आयोगाच्या बाजूने होते. आयोगाने २०१५ मध्ये राजकीय निधीवर अहवाल दिला होता. पक्षांच्या निधीपैकी सुमारे निम्मा भ्रष्टाचारातून आणि पाव हिस्सा संघटित गुन्हेगारीतून येतो, असा अंदाज त्यात होता. हा धागा पुढे मोरालेस यांच्या प्रचारनिधीपर्यंत पोचला. २०१७ च्या आरंभी त्यांचा भाऊ व मुलगा यांना अटक झाली (दोघेही २०१९ मध्ये निर्दोष सुटले) आणि ऑगस्टमध्ये खुद्द त्यांचे खटल्यापासूनचे घटनात्मक संरक्षण काढून घेण्याची मागणी झाली. दोनच दिवसांत त्यांनी वेलास्केस यांना अवांछित व्यक्ती जाहीर केले. संविधान न्यायालयाने तो आदेश रोखला. एप्रिल २०१८ मध्ये काही बड्या उद्योगपतींनी न दाखवलेल्या निवडणूकनिधीबद्दल जाहीर माफी मागितली. २०१५ मध्ये टाळ्या वाजवणारा व्यापारी वर्ग त्यानंतर आयोगापासून दुरावला. अमेरिकेतही ‘बितकोव्ह’ या रशियन कुटुंबावरील, आयोगाने तपासलेल्या बनावट पारपत्रांच्या खटल्याचे निमित्त होऊन सिनेटर मार्को रुबियो यांनी ६० लाख डॉलरचा निधी अडवला. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी मोरालेस यांनी मुदतवाढ नाकारली. त्याच दिवशी लष्करी वाहने आयोगाच्या कार्यालयासमोरून फिरली. वेलास्केस परदेशात असताना त्यांना प्रवेशबंदी झाली. जानेवारी २०१९ मध्ये करार एकतर्फी रद्द करण्याचा प्रयत्न न्यायालयाने अडवला, मात्र सप्टेंबरमध्ये मुदत संपू देणे सरकारच्या हातात होते.

मूल्यमापन : आयोगाच्या स्वतःच्या हिशेबानुसार त्याने शंभराहून अधिक प्रकरणे अभियोग विभागाच्या साथीने न्यायालयात नेली व चारशेंवर दोषसिद्धी झाल्या. २०१८ मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने आयोगाशी निगडित सुधारणांमुळे साडेचार हजारांहून अधिक खून टळल्याचा अंदाज दिला. हत्यांचे प्रमाण या दशकात ठळकपणे घटले हे खरे. पण एका संस्थेचा वाटा वेगळा काढण्याची ही रीत सांख्यिकी प्रतिरूपावर अवलंबून आहे आणि आकडा जपूनच वापरावा. दीर्घकाळ चालणारी पूर्वसुनावणी कैद हा टीकाकारांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचा दोष मुख्यतः संथ न्यायालयांकडे जातो; पण आयोगाने त्यावर उपाय सुचवण्यात विशेष तत्परता दाखवली नाही.

आयोगाबरोबर काम केलेल्या विशेष अभियोग शाखेचे प्रमुख हुआन फ्रान्सिस्को सान्दोव्हाल यांना महाअभियोक्ता कोन्सुएलो पोर्रास यांनी जुलै २०२१ मध्ये पदावरून काढले आणि त्यांनी देश सोडला. आल्दाना यांना अमेरिकेत आश्रय मिळाला. ‘ला लीनेआ’ची प्राथमिक सुनावणी चालवणारे न्यायाधीश मिगेल आन्हेल गाल्वेस २०२२ मध्ये परागंदा झाले. वेलास्केस व आल्दाना यांना २०१८ चा ‘राइट लाइव्हलिहुड’ पुरस्कार मिळाला होता.

होन्डुरासमधील ‘माक्सि’ (२०१६–२०) ही अमेरिकी राज्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने आणि एल साल्वादोरमधील ‘सिसिएस’ (२०१९–२१) ही त्याच संघटनेशी केलेल्या कराराने उभी राहिली. दोन्हींना सिसिगपेक्षा कमी अधिकार होते आणि दोन्ही त्या त्या सरकारांनीच बंद पाडल्या. होन्डुरासने डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी नव्या आयोगासाठी सामंजस्य करार केला.