मल्चिंगचा चुरा झाला, म्हणजे ते कुजलं का?

शिरपूर तालुक्यात तापीकाठी आमचं शेत आहे. शेजारचे काका मिरचीला मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर टाकायचा पातळ प्लास्टिकचा पडदा, अंथरतात. हंगाम संपला की तो तसाच उन्हात पडून राहतो. वैशाखात नुसता हात लावला तरी फाटतो आणि नांगरटीनंतर दिसेनासा होतो. मागच्या वर्षी मी विचारलं, एवढा पेपर गेला कुठे? काका अगदी खात्रीने म्हणाले, "माटीमा मिळी गयं ते, भाऊ."

काकांचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण डोळ्यांना तेच दिसतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, तीही वर्षभरात दिसेनाशी होते, मल्चिंगही होतं. फरक दिसत नाही, म्हणून तर ही गल्लत गावोगाव होते.

कुजणं म्हणजे कुणीतरी खाणं. पऱ्हाटी, केळीचं खोड, तागाचं बारदान यांच्यावर बुरशी आणि जिवाणू पाचक रस सोडतात, त्यातले धागे तोडतात आणि ते त्यांचं अन्न होतं. शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडा काळा कस. मूळ पदार्थ राहतच नाही.

चुरा होण्यात खाणारं कुणीच नसतं. मल्चिंग पेपर बहुधा पॉलिथिलीनचा असतो. उन्हातले अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला प्राणवायू मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात. पेपर ठिसूळ होतो. एकाचे शंभर तुकडे, शंभराचे दहा हजार, पण प्रत्येक तुकडा पॉलिथिलीनचाच. सगळे वेचून तराजूत टाकले तर वजन जवळपास तेवढंच भरेल.

खात्री करून घ्यायची असेल तर एक साधी गोष्ट करून बघा. मी आषाढात बांधाजवळ एका खड्ड्यात जुन्या सुती धोतराचा तुकडा आणि मल्चिंगचा तुकडा शेजारी शेजारी पुरले. पोळ्याला उकरलं. धोतराची जाळी झाली होती, बोटात धरताच सुटत होती. मल्चिंगवरची माती धुतली तर ते पुन्हा अंथरता आलं असतं. मातीखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथे साधा चुरासुद्धा होत नाही. वाफ्याच्या कडेला मातीत दाबलेली पेपरची पट्टी कित्येक वर्षं नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येते, ती याचमुळे.

आता हा चुरा जातो कुठे? तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ खंभातच्या आखाताला मिळते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, सगळ्यांचं पाणी तिच्यात. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलकं, केळीच्या घडाला घालतो त्या स्कर्टिंग बॅगेचं पॉलिप्रॉपिलीनही हलकं. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात शेतातला चुरा ओहोळाला लागतो, ओहोळातून नदीला. काही गाळाबरोबर गुजरातेत तापीवरच असलेल्या उकाई धरणाच्या जलाशयात बसतो, पण पुरात दरवाजे उघडले की तरंगणारं पुढे निघतं. आमच्या खान्देशाला समुद्र नाही असं आपण म्हणतो. पाण्याच्या हिशेबात तो आहे.

आणि समुद्रात गेल्यावर दोन्ही क्रिया मंदावतात. पाणी गार, तळाशी ऊन नाही, त्यामुळे चुरा होण्याचाही वेग घटतो आणि कुजणं तर नाहीच. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्याच्या वाळूत आणि १९६०च्या दशकापासून जपून ठेवलेल्या प्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या) नमुन्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण दाखवून दिले. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला आता मायक्रोप्लास्टिक म्हणतात. किनाऱ्यावर पडलेली पिशवी माणूस वाकून उचलू शकतो. हे कण वाळूतून वेगळे काढायचे कसे? पाण्यातून गाळायला बारीक जाळी लावावी तर माशांची अंडी आणि पिल्लंही तिच्यात येतात. समुद्र साफ करणारे कितीही राबले तरी या टप्प्यावर त्यांचे हात तोकडे पडतात, आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

बाजारात याच गोंधळावर विकला जाणारा मालही आहे. 'ऑक्सो' प्रकारच्या प्लास्टिकमध्ये लवकर चुरा व्हावा म्हणून रसायन मिसळलेलं असतं. पिशवी भराभर दिसेनाशी होते, म्हणून लोक खूश. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून त्याच्यावर बंदी घातली. 'कम्पोस्टेबल' माल वेगळा. तो खरोखर कुजावा असाच बनवलेला असतो. पण त्याची परीक्षा मोठ्या खत कारखान्यातल्या साधारण ५८ अंशांच्या ओलसर ढिगात घेतात. कुणी म्हणेल, जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, मग काय अडचण? अडचण ओलीची आणि जिवाणूंची. कोरड्या उन्हात काहीच कुजत नाही. नदीत टाकलेली कम्पोस्टेबल पिशवी समुद्रात कासवाच्या पोटात जाईल तेव्हा ती पिशवीच असेल. मातीत कुजणारा मल्चिंग पेपर मिळतो, त्याचं युरोपीय मानक २०१८ मध्ये आलं, आणि त्यातही कुजायला दोन वर्षांपर्यंत मुभा आहे. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: हे तुटतं की कुजतं, आणि कुठे?

साध्या पेपरच्या बाबतीत सगळा खेळ वेळेचा आहे. उचलायचा तो अखंड असतानाच. यंदा काकांनी आणि मी मिरचीची शेवटची तोडणी झाल्यावर आठवड्याभरातच पेपर काढला. पहाटे माती किंचित ओलसर असताना आधी कुदळीने कडा मोकळ्या केल्या, मग दोन टोकांनी धरून गुंडाळत गेलो. पातळ पेपर तरी जागोजागी फाटला, म्हणून पुढच्या खेपेला जाड घ्यायचं ठरलंय. भंगारवाला माती लागलेल्या मालाला भाव देत नाही, तेव्हा गुंडाळ्या झटकून बांधावर वाळवल्या.

काकांनी खताच्या रिकाम्या गोणीत उरलेले फाटके तुकडे भरले. तोंड बांधताना म्हणाले, "इतलं व्हतं व्हय वावरमा?"